ती स्टेज आणि ते स्टेज

मराठीत 'स्टेज' हा शब्द दोन लिंगांत वावरतो, हे माझ्या लक्षात यायला वयाची सेहेचाळीस वर्षं जावी लागली. ती स्टेज म्हणजे मोटारींच्या रॅली शर्यतीसाठी वाहतूक बंद करून घेतलेला रस्ता. दहा-बारा किलोमीटरचा, मातीचा, खडीचा, कधी डांबरी. तिच्यावर मी गेली अकरा वर्षं जातोय. ते स्टेज म्हणजे सभागृहातला उंचवटा, त्यावर टेबल, टेबलावर कापड, कापडावर पाण्याच्या बाटल्या. त्याच्यावर मी पहिल्यांदा गेल्या महिन्यात चढलो. पहिलीवर जाताना डोक्यावर हेल्मेट असतं, मानेला आधार द्यायला हान्स असतं, सहा पट्ट्यांनी अंग खुर्चीला आवळलेलं असतं. दुसऱ्यावर यातलं काहीच देत नाहीत.

माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. तीन पदरी, पाच पदरी, गिऱ्हाईक सांगेल त्या मापाची. नऊ माणसं कामाला, यंत्रं जुनी, आणि हवा दमट झाली की पुठ्ठा मऊ पडतो ही बारमाही डोकेदुखी. वर्षातले चार-पाच शनिवार-रविवार मात्र मी वेगळ्याच खोक्यात असतो. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दोन खुर्च्या, बाकी सगळं काढून टाकलेलं. एका खुर्चीत मित्र, त्याच्या हातात स्टीअरिंग. दुसरीत मी, माझ्या मांडीवर वही. मी को-ड्रायव्हर आहे.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे तू नुसता बसतोस?"

बसतो आणि वाचतो. स्पर्धेच्या आधी स्टेजवरून साध्या वेगानं फिरून यायला मिळतं, बहुतेक वेळा दोनदा. त्याला रेकी म्हणतात. पहिल्या फेरीत मित्र प्रत्येक वळण बघून आकडा सांगतो, मी पेन्सिलनं लिहितो. आमच्या पद्धतीत एक म्हणजे सगळ्यात आवळलेलं वळण आणि सहा म्हणजे जेमतेम वळण. दुसऱ्या फेरीत मी वाचतो आणि तो दुरुस्त्या सांगतो. या वहीला पेस नोट्स म्हणायचं. स्पर्धेत मी तेच वाचतो: "लेफ्ट थ्री टायटन्स, फिफ्टी, राइट फाइव्ह ओव्हर क्रेस्ट, डोन्ट कट." म्हणजे डावं वळण, मधल्या मापाचं, पण पुढे आवळत जाणारं, मग पन्नास मीटर सरळ, मग उजवं, सौम्य, पण चढाच्या माथ्यावर असल्यानं पलीकडचं दिसणार नाही, आणि आतली कड कापू नको, तिथे दगड आहे. मराठीत सांगायला एवढा वेळ लागला. गाडीत तो नसतो.

ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला तीस मीटर. मी एक सेकंद उशिरा बोललो तर तीस मीटर उशिरा बोललो. लवकर बोललो तर मित्र विसरतो. तो म्हणतो की त्याला तीन वळणं पुढचं लक्षात राहतं. माझ्या हिशेबानं दीड. एकीकडे वहीतून डोकं वर काढायची सोय नाही, कारण ओळ चुकते. मग आपण नेमके कुठे आहोत हे कळतं ते कमरेतून. को-ड्रायव्हरची खुर्ची मुद्दाम खाली आणि मागे बसवलेली असते. गाडी कुठे बसली, कुठे हलकी झाली, कुठे ब्रेक लागला, सगळं बुडाखालून कळतं. हे जमायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष ओकण्यात गेलं. हलत्या गाडीत वाचून बघा, मग मला हसा.

माझं दुसरं काम वेळेचं. दोन स्टेजच्या मधला रस्ता नेहमीच्या रहदारीचा असतो, तिथे सगळे नियम पाळून जायचं आणि पुढच्या टाइम कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, ठरलेल्या मिनिटाला टाइम कार्ड द्यायचं. उशीर झाला तर मिनिटामागे दहा सेकंद दंड. लवकर पोचलात तर मिनिटामागे अख्खं एक मिनिट. लवकर पोचणं हा मोठा गुन्हा, कारण उघड्या रस्त्यावर गाडी हाणली असा त्याचा अर्थ होतो. हा नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, आमच्या छोट्या उद्योजकांच्या संघटनेचं वार्षिक संमेलन होतं. कार्यवाह मला म्हणाले, "तुम्ही ते गाड्यांचं काहीतरी करता ना, त्यावर वीस मिनिटं बोला. विषय असा ठेवू, 'रॅलीच्या मैदानातून उद्योगाचे धडे'." रॅलीला मैदान नसतं हे मी सांगणार होतो, पण तोंडातून "बरं" बाहेर पडलं होतं. शाळेत आठवीत एकदा आभारप्रदर्शनाला उभा राहिलो होतो, तेव्हा अध्यक्षांचं नाव विसरून "आपले हे" म्हणालो होतो. त्यानंतर माइकशी संबंध नाही. गाडीतला माइक सोडून.

धड्यांचं तर मला आधीपासूनच वावडं. कुठल्याही छंदातून व्यवसायाचे सात मंत्र काढणारी भाषणं मी खूप ऐकली आहेत. खरं सांगायचं तर रॅलीनं माझ्या धंद्याला काही दिलेलं नाही. टायर आणि सुट्ट्या मात्र भरपूर खाल्ल्या. त्यामुळे ठरवलं की गोष्टी सांगायच्या, धडे ज्याला हवे त्यानं काढावेत.

गोष्टी माझ्याकडे होत्या. सगळ्यात लाडकी १९५५ सालची. इटलीतली मिल्ले मिलिया शर्यत, ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशिया, सुमारे सोळाशे किलोमीटर, सगळी सार्वजनिक रस्त्यांवरून. स्टर्लिंग मॉस चालवायला, शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. त्यांची मर्सिडीज सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली म्हणून तिच्यावर आकडा ७२२. जेन्किन्सननं आधी अनेकदा फिरून रस्त्याच्या नोंदी केल्या आणि त्या पाचेक मीटर लांबीच्या कागदी गुंडाळीवर उतरवल्या. ती गुंडाळी एका छोट्या डबीत बसवलेली, समोर पारदर्शक खिडकी, तो एकीकडून फिरवायचा आणि पुढची नोंद दिसायची. बोलण्यासाठी इंटरकॉम करून पाहिला होता, पण ऐन वेगात मॉसच्या डोक्यात शब्द शिरेनात. शेवटी हातानं खुणा ठरवल्या, पंधरा. दहा तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते जिंकले, सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटर. दुसरा आलेला फान्जिओ, तेव्हाचा जगज्जेता, एकटाच गाडी चालवत होता. आणि माझ्यासारख्यांना दिलासा देणारा तपशील असा, की वाटेत जेन्किन्सन गाडीबाहेर वाकून ओकला आणि वाऱ्यानं त्याचा चष्मा उडून गेला. त्याच्याकडे जादा चष्मा होता. को-ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला विचाराल तर त्या जादा चष्म्यात आलं.

मी सगळं भाषण लिहून काढलं. सात पानं. रात्री जेवणानंतर घरच्यांसमोर वाचलं. लेक म्हणाली, "बाबा, तू बातम्या देतोयस." बायको म्हणाली, "बातम्यांत वाक्य तरी पूर्ण असतात." तिची ही तक्रार जुनी आहे. अकरा वर्षांत माझ्या बोलण्यातली क्रियापदं गळून पडली आहेत. गाडीत क्रियापदाला जागा नसते. घरीसुद्धा मी "दूध, संपलं, उद्या, दोन" असं बोलतो म्हणे.

मित्राला बोलावलं. त्यानं घड्याळ लावलं, मी वाचलं, त्यानं घड्याळ थांबवलं.

"नऊ मिनिटं," तो म्हणाला. "अकरा मिनिटं लवकर. अकरा मिनिटांची पेनल्टी. स्पर्धा संपली आपली."

वीस मिनिटांचा मजकूर मी नऊ मिनिटांत संपवला होता, कारण मला एकाच वेगानं बोलता येतं. पुढे वळण आहे असं समजून. मित्रानं विचारलं, "तू मला नोट्स देतोस तेव्हा मी ऐकलं हे तुला कसं कळतं?" मी म्हटलं, गाडीतून. मी 'लेफ्ट थ्री' म्हणतो आणि दुसऱ्या क्षणी ब्रेक लागतो, नाक खाली जातं, गाडी डावीकडे वळते. म्हणजे पोचलं. तेव्हाच मी पुढचं बोलतो. "मग तिकडे बोलताना तू कुणाच्या ब्रेकची वाट बघितलीस?" असं म्हणून तो आमच्याकडचे उरलेले शेंगदाणे खात बसला. हा माणूस दिवसभरात इतका नेमका एकदाच बोलतो.

मग सात पानं फाडली आणि पत्ते केले. एका पत्त्यावर एक गोष्ट, फक्त खुणा: '५५, गुंडाळी, खुणा १५, चष्मा.' जिथे थांबायचं तिथे तिरकी रेघ, जिथे लोकांकडे बघायचं तिथे डोळा. कागद हातात थरथरतो आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत दिसतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पत्ते जाड पुठ्ठ्याचे कापून घेतले. आपल्याच कारखान्यात, औषधांच्या खोक्यांना वापरतो त्या बोर्डाचे. अकरा पत्ते, कोपरे गोल केलेले. दिसायला फार सुबक झाले होते.

रोज संध्याकाळी यंत्रं बंद झाल्यावर गठ्ठ्यांसमोर उभं राहून सराव केला. पाच पदरी खोक्यांची एक थप्पी म्हणजे एक श्रोता. थप्पी ब्रेक मारत नाही हा तोटा होता, पण निदान चौदा मिनिटांपर्यंत आलो.

संमेलनाच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा. हे मला नवीन नव्हतं. स्टेजच्या सुरुवातीला, घड्याळ पाच-चार-तीन करत उतरतं तेव्हाही छाती अशीच धडधडते. फरक इतकाच की तिथे पट्टे आवळलेले असतात, हात कामात असतात, आणि शून्य आलं की गाडी आपल्याला घेऊन निघते. इथे मला स्वतःला निघायचं होतं. शिवाय आमच्या आधीचे दोन वक्ते चाळीस मिनिटं जास्त बोलले. कुणी त्यांचं टाइम कार्ड बघितलं नाही.

सूत्रसंचालकानं माझी ओळख करून दिली. "थरारक कार रेसर, अनेक शर्यतींचे विजेते." टाळ्या पडल्या. मी चढलो, माइक घेतला आणि सवयीनं ओठांना चिकटवला, हेल्मेटमधला असतो तसा. "नमस्कार" म्हणालो आणि सभागृहात स्फोट झाल्यासारखा 'प' उमटला. नमस्कारमध्ये 'प' नाही हे मला माहीत आहे. तरी उमटला.

त्याहून वाईट म्हणजे माझा आवाज मला उशिरा ऐकू येत होता. इंटरकॉमवर आपला आवाज त्याच क्षणी आपल्याच कानात असतो. इथे तो समोरच्या भिंतीवर जाऊन परत येत होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सतरा मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला दशांश सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपलेच शब्द मागून येऊन आपल्या पायात अडखळतात. माझं ततपप झालं. घशाला कोरड, पहिला पत्ता डोळ्यांसमोर आणि त्यावरचं एकही अक्षर लागत नाही.

मला वाचवलं त्या खोट्या ओळखीनं. ती डोक्यात टोचत होती, म्हणून पत्ता बाजूला ठेवून म्हणालो, "एक दुरुस्ती आहे. मी आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही. आणि मी गाडी चालवतही नाही." क्षणभर शांतता, मग हशा. तिसऱ्या रांगेत मित्र मान हलवत होता. तो हशा म्हणजे ब्रेक होता. पोचलं होतं. माइक चार बोटं लांब धरला आणि सुरू केलं.

जेन्किन्सनची गोष्ट चांगली गेली. चष्म्यावर लोक हसले, थांबलो, हसू ओसरू दिलं. पंधरा खुणांपैकी एक-दोन हातानं करून दाखवल्या, त्या माझ्या मनच्याच होत्या, हे इथे कबूल करतो. मग पुढचा पत्ता उलटला, आणि वाचलं: 'पट्टा तुटलेला, तार, रात्री दोन.' हा काय प्रकार? हा तर नववा पत्ता. मी चौथ्यावर असायला हवा होतो.

पत्ते एकमेकांना चिकटून आले होते. कापताना कडेला बारीक कूस राहते, ती एकमेकीत अडकते. गिऱ्हाइकं अधूनमधून याचीच तक्रार करतात आणि मी त्यांना म्हणतो की तसं काही होत नाही. माल माझा, कापलेला माझ्या यंत्रावर. भांडणार कुणाशी?

हे माझ्या बाबतीत एकदा गाडीतही घडलं होतं. तिसऱ्या वर्षी, खडीच्या स्टेजवर, वहीची दोन पानं एकदम उलटली. मला कळलं की ओळ चुकली आहे. पण कबूल करायची लाज वाटली, म्हणून अंदाजानं वाचलं, "राइट सिक्स." समोर डावं दोन होतं. मित्रानं ते डोळ्यांनी पाहिलं, गाडी आडवी झाली, गवतात गेली, थांबली. काही मोडलं नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हरवलास तर 'हरवलो' म्हण. मी बघून चालवतो, हळू चालवतो. पण अंदाजानं वाचू नकोस." त्यानंतर कित्येकदा हरवलो आहे, आणि दर वेळी पहिला शब्द तोच उच्चारला आहे.

त्या स्टेजवर अकरा वर्षांत जे अंगवळणी पडलं होतं ते या स्टेजवर आपोआप तोंडातून आलं. "हरवलो," मी माइकमध्ये म्हणालो. "माझे पत्ते चिकटलेत. पुठ्ठा माझ्याच कारखान्याचा आहे, कृपया कुणी गिऱ्हाइकांना सांगू नका."

जे हसले ते सगळे कारखानदार होते. प्रत्येकाच्या मालाचं असं काहीतरी असणार. मी सावकाश पत्ते सोडवत बसलो, आणि सोडवता सोडवता त्यांना ती गवतातली गोष्ट सांगितली, जी एकाही पत्त्यावर नव्हती. भाषणातला सगळ्यात चांगला भाग तोच झाला, असं मागाहून तिघांनी सांगितलं. दोन आठवडे तयारी केलेल्या भागाबद्दल कुणी काही बोललं नाही.

पुढे १९९८ सालची ब्रिटनमधली रॅली सांगितली. हंगामातली शेवटची फेरी, शेवटची स्टेज, कार्लोस साइन्झला जगज्जेता व्हायला फक्त गाडी रेषेपलीकडे न्यायची होती. रेषा काही शे मीटरवर असताना टोयोटाचं इंजिन गेलं. स्पर्धेतून आधीच बाहेर पडलेला टॉमी माकिनेन जगज्जेता झाला. को-ड्रायव्हर लुईस मोया गाडीतून ओरडत होता की चालू करून बघ, चालू करून बघ. बाहेर आल्यावर त्यानं हेल्मेट मागच्या काचेवर हाणलं. हे सांगताना मी नकळत थांबलो, रेघ नसलेल्या जागी. सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता. शेवटच्या क्षणी ऑर्डर गेलेली बरीच मंडळी तिथे असावीत.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, यात बायका असतात का. हे मला तोंडपाठ होतं. १९८१ साली सानरेमो रॅलीत मिशेल मुटाँनं आउडी क्वात्रो चालवून जागतिक मालिकेतली फेरी जिंकली, अशी ती पहिली स्त्री. आणि शेजारी वही घेऊन फाब्रित्सिया पॉन्स होती, म्हणजे गाडीतल्या दोघीही बायकाच. ताईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग तुम्ही चालवायला का नाही बसलात?" याचं उत्तर मी कधीच तयार केलेलं नव्हतं. म्हणालो, मला रस्ता बघण्यापेक्षा तो आधी कुणाला तरी सांगायला आवडतो. घरी जाताना वाटलं, हे खरं आहे की तिथल्या तिथे सुचलेलं आहे, ते तपासायला हवं.

एका गृहस्थांनी शेवटी विचारलंच, "पण यातून उद्योगानं काय घ्यावं?" मी म्हटलं, "पत्ते कापल्यावर कडा घासून घ्याव्यात."

खाली उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हात गार होते. कार्यवाहांनी पुष्पगुच्छ दिला, तो कुठे धरायचा कळेना. गर्दीतून वाट काढत मित्र आला. मी विचारलं, "कसं झालं?"

त्यानं घड्याळ दाखवलं. "चोवीस मिनिटं. चार मिनिटं उशीर, चाळीस सेकंद पेनल्टी."

"बाकी?"

"बाकी काही नाही. गाडी आत आली ना?" तो म्हणाला, आणि माझ्या हातातले पत्ते घेऊन त्यांच्या कडांवरून अंगठा फिरवायला लागला.